जर्मनीतला खेडवळ जिल्हा कसा समजून घ्यायचा: ल्युखो-डानेनबेर्गचं उदाहरण

जर्मनीत जायचं म्हटलं की सगळी माहिती बर्लिन, म्युनिक, फ्रांकफुर्टची मिळते, पण नर्सिंगची नोकरी, आउसबिल्डुंग (नोकरी करत करत घ्यायचं व्यवसाय-प्रशिक्षण) किंवा एखाद्या छोट्या कारखान्यातली जागा कितीतरी वेळा अशा ठिकाणी निघते की गावाचं नाव ऐकून जर्मन माणूससुद्धा "हे कुठे आलं?" विचारतो. अशा वेळी गावाची माहिती शोधत बसू नका, ती फारशी मिळणारच नाही. शोधायचा तो जिल्हा, म्हणजे लांडक्राइस. देशभरात असे २९४ लांडक्राइस आहेत आणि एक नीट समजून घेतला की बाकीच्यांची रचना बरीचशी कळते, राज्याराज्यात थोडा फरक पडतो तेवढाच.

मी उदाहरणाला ल्युखो-डानेनबेर्ग घेतोय. नीडरझाक्सन राज्याच्या पूर्व टोकाला आहे, लोक नुसतं वेंडलांड म्हणतात, आणि लोकसंख्येने हा जर्मनीतला सगळ्यात छोटा लांडक्राइस. साधारण ४९ हजार माणसं आणि १,२०० चौरस किलोमीटरच्या वर जागा, म्हणजे एका चौरस किलोमीटरला चाळीसेक माणसं. देशाची सरासरी दोनशेच्या वर आहे. इथलं जमलं तर कुठलंही जमेल म्हणून हा निवडला.

तर पहिली गोष्ट, नकाशा उघडा आणि रस्ते बघायच्या आधी नदी बघा. एल्बे नदी जिल्ह्याच्या उत्तर आणि पूर्व कडेने वाहते आणि जिल्हा सगळा तिच्या डाव्या काठावर आहे. मधून येत्सेल नावाची छोटी नदी दक्षिणेकडून येते, वुस्ट्रो, ल्युखो, डानेनबेर्ग अशी एकेक गावं घेत हित्साकरला एल्बेला मिळते. (नावाच्या शेवटी 'ओडब्ल्यू' असेल तर डब्ल्यू बोलायचा नाही, ल्युखो, गार्टो, वुस्ट्रो. स्टेशनवर विचारताना उपयोगी पडतं.) पश्चिमेला द्राव्हेन नावाच्या टेकड्या आहेत, सगळ्यात उंच होहर मेख्तिन, तोही १४२ मीटर, तेव्हा डोंगर वगैरे डोक्यातून काढून टाका. वायव्येला ग्योर्डेचं मोठं जंगल, पूर्वेला गार्टोच्या बाजूला पाइनची झाडी, आणि मध्ये येत्सेलच्या खोऱ्यात सपाट शेती आणि गोल आकाराची खेडी, म्हणजे मधल्या चौकाभोवती घरं आणि प्रत्येक घराचं तोंड चौकाकडे. ही गोल खेडी स्लाव लोकांच्या काळातली आहेत, त्यांची भाषा इथे अठराव्या शतकापर्यंत बोलली जायची. ल्युबेल्न गावात या खेड्यांचं म्युझियम आहे, वेळ असला तर बघा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते इथलं सगळं यावरच उभं आहे: त्याच नकाशावर जुनी पूर्व-पश्चिम जर्मनीची सरहद्द शोधा. १९९० पर्यंत या जिल्ह्याच्या तीन बाजूंना पूर्व जर्मनी होता. उत्तरेला आणि पूर्वेला एल्बेच्या पलीकडे, दक्षिणेला जमिनीवरची तारेची कुंपणं, आणि मोकळी बाजू काय ती पश्चिमेची, ल्युनेबुर्ग आणि युल्त्सेनकडे जाणारी. चाळीसेक वर्षं हा जिल्हा रस्त्याच्या शेवटी होता, इथून पुढे कुठे जाताच येत नव्हतं, मग मोठा रस्ता कोण कशाला बांधेल आणि कारखाना कोण कशाला काढेल. आजही जिल्ह्यात ऑटोबान एक किलोमीटरही नाही, ए ३९ चा प्लॅन आहे तो पश्चिमेला युल्त्सेनच्या बाजूने आणि ए १४ आहे ती पूर्वेला विटेनबेर्गेकडे, दोन्ही जिल्ह्याबाहेरून. देशाच्या नकाशात हा भाग आता अगदी मध्यावर आहे, पण टाइमटेबल बघितलं की अजून टोकालाच असल्यासारखा वाटतो.

रेल्वेचंच बघा. ल्युनेबुर्गहून डानेनबेर्ग ओस्ट स्टेशनला आरबी ३२ ही लोकल गाडी जाते आणि तिथेच संपते. का संपते? कारण ही लाइन मुळात पुढे ड्योमित्सला एल्बे ओलांडून विटेनबेर्गेला जायची, तो पूल एप्रिल १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात पडला आणि पुढे तिथेच सरहद्द आली, मग बांधायचा प्रश्नच मिटला. पश्चिम काठावरच्या त्याच्या लोखंडी कमानी अजून शेतात तशाच उभ्या आहेत, बी १९१ या हायवेवरून जाताना दिसतात. रस्त्याचा पूलही तेव्हाच पडला होता, तो मात्र १९९२ च्या डिसेंबरमध्ये नवा झाला. जिल्ह्याला एल्बेवर हाच एक पूल आहे. वरच्या अंगाला पुढचा पूल थेट विटेनबेर्गेला, खालच्या अंगाला थेट लाउएनबुर्गला. म्हणून घर बघताना पलीकडचं गाव नकाशावर तीन किलोमीटरवर दिसतंय म्हणून खूश होऊ नका, गाडीने किती वेळ लागतो ते आधी टाकून बघा.

रेल्वेने यायचं कसं ते आत्ताच सांगून टाकतो. हांबुर्गहून ल्युनेबुर्गला सारख्या गाड्या असतात, रीजनल एक्सप्रेसने अर्धा तास. ल्युनेबुर्गला आरबी ३२ पकडायची, डिझेलची छोटी गाडी, ग्योर्डे, लाइटश्टाडे, हित्साकर करत साधारण तासाभरात डानेनबेर्ग. गाड्या तासातासाला नाहीत, एक चुकली की दोन-तीन तास गेले, म्हणून ल्युनेबुर्गला बदलायला पाच मिनिटांचं कनेक्शन घेऊ नका, ॲपने दाखवलं तरी नका घेऊ, आधीची गाडी धरा. टाइमटेबलमध्ये एखाद्या छोट्या स्टेशनसमोर एक्सची खूण असेल तर तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही, आतून बटन दाबायचं आणि फलाटावर असाल तर ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं.

ल्युखो म्हणजे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, पण तिथे प्रवासी रेल्वे नाही. सगळी मुख्य ऑफिसं ल्युखोला आणि स्टेशन डानेनबेर्गला, मध्ये बस. आणखी एक स्टेशन बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे श्नेगा, अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, युल्त्सेन ते झाल्त्सवेडेल लाइनवर. ही लाइनसुद्धा सरहद्दीने तुटली होती, १९९९ च्या डिसेंबरमध्ये परत जोडली. क्लेंत्से किंवा बेर्गेनच्या बाजूला राहणार असाल तर डानेनबेर्गपेक्षा श्नेगा किंवा सरळ झाल्त्सवेडेल जवळ पडतं. ते झाल्त्सवेडेल दुसऱ्या राज्यात आहे, पण रेल्वेला त्याचं काही नाही. लांबच्या गाड्यांसाठी युल्त्सेन, ल्युनेबुर्ग नाहीतर विटेनबेर्गे.

आता सरकार. इथे लोक जाम गोंधळतात, कारण एकाच कामासाठी तीन पाट्या दिसतात. सगळ्यात खाली गेमाइंडे, म्हणजे गाव किंवा छोटं शहर, जिल्ह्यात अशा २७ आहेत. श्नाकेनबुर्गसारखी पाच-सहाशे वस्तीची पण कागदावर शहर असलेली जागाही त्यात येते, आख्ख्या राज्यातलं सगळ्यात छोटं शहर ते. या गेमाइंडेंना स्वतःची कौन्सिल असते आणि मेयर असतो पण तो मानद, पगारी नाही, दिवसा तो शेती करत असेल किंवा बँकेत असेल. मग कागदपत्रांची कामं कोण करतं? तर झाम्टगेमाइंडे. म्हणजे बऱ्याच गावांनी मिळून चालवलेलं एक ऑफिस, त्याचा मेयर पूर्णवेळ आणि पगारी. अशा तीन आहेत: एल्बटालआउए (ऑफिस डानेनबेर्गला, हित्साकर आणि नॉय दार्खाउ यातच), ल्युखो (क्लेंत्से, वुस्ट्रो, बेर्गेन, श्नेगा वगैरे) आणि पूर्वेची गार्टो (गोर्लेबेन, श्नाकेनबुर्ग). पहिल्या दोन २००६ मध्ये जुन्या झाम्टगेमाइंडे एकत्र करून झाल्यात, त्यामुळे जुन्या माहितीत वेगळी नावं दिसली तर घाबरू नका.

त्याच्या वर लांडक्राइस. त्याची सभा म्हणजे क्राइसटाग, दर पाच वर्षांनी निवडणूक, सभासद मानद. प्रमुख म्हणजे लांडराट, बाई असेल तर लांडरेटिन, आणि हे पद आपल्या कलेक्टरसारखं बदली होऊन येणारं नाही, जिल्ह्यातले लोक थेट मत देऊन निवडतात आणि तोच प्रशासनाचाही प्रमुख असतो. स्थानिक निवडणुकीत इथे १६ व्या वर्षापासून मत देता येतं, युरोपियन युनियनच्या इतर देशांच्या नागरिकांनाही, पण भारतीय पासपोर्टवर नाही. जिल्ह्याला स्वतःचा मोठा टॅक्स नसतो, राज्याकडून पैसे येतात आणि बाकी गावांकडून वर्गणी घेतली जाते, तिला क्राइसउमलागे म्हणतात. लोकल पेपरात दरवर्षी तिच्यावरून भांडण वाचायला मिळतं, गावं म्हणतात जास्त आहे, जिल्हा म्हणतो पुरत नाही. २००४ च्या शेवटापर्यंत जिल्हा आणि राज्याच्या मध्ये ल्युनेबुर्गचं अजून एक विभागीय ऑफिस होतं, ते बंद झालं, आता वर थेट हानोवर, म्हणजे राज्याची राजधानी.

कुठलं काम कुठे हे एकदा लक्षात ठेवा म्हणजे हेलपाटे वाचतात, आणि इथे हेलपाटा म्हणजे अर्धा दिवस. पत्ता नोंदवणं, म्हणजे आनमेल्डुंग, झाम्टगेमाइंडेत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं, घरमालकाने सही केलेला कागद लागतो (वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव लांब आहे पण कागद एकच पान), नुसतं भाड्याचं ॲग्रीमेंट चालत नाही. व्हिसा-रेसिडेन्स परमिट, गाडीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, बांधकाम परवानगी, कचरा, हे सगळं लांडक्राइसकडे, म्हणजे ल्युखोला. व्हिसाच्या कामाला अपॉइंटमेंट घेऊनच जा. आणि परमिट संपायच्या बरंच आधी मेल टाका, लेखी टाका, फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

लायसन्सचं जरा सविस्तर सांगतो कारण गाडीशिवाय इथे अवघड आहे. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, सोबत त्याचं जर्मन भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट ठेवायचं. त्यानंतर ते चालत नाही, आणि भारत त्या यादीत नाही ज्यातल्या देशांचं लायसन्स नुसतं बदलून मिळतं, म्हणून थिअरी आणि गाडी चालवायची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. थिअरी इंग्रजीत देता येते, प्रॅक्टिकल जर्मनमध्ये. कायद्याने ठराविक तासांची सक्ती तुम्हाला नसते पण ड्रायव्हिंग स्कूलमधून नाव द्यावंच लागतं, आणि खेड्यात ड्रायव्हिंग स्कूल मोजकीच, नंबर लागायला वेळ जातो. सहावा महिना उजाडायची वाट बघू नका, आल्या आल्या अर्ज टाका.

गाडी येईपर्यंत बस. इथल्या बसचं टाइमटेबल मुळात शाळेच्या मुलांसाठी आखलेलं असतं, हे कळलं की सगळ्या विचित्र वेळांचा उलगडा होतो. सकाळी शाळेला जाणारी, दुपारी एकच्या आसपास शाळा सुटल्यावरची, आणि संध्याकाळी जवळपास शुकशुकाट. टाइमटेबलमध्ये गाडीच्या वर 'एस' असेल तर ती फक्त शाळेच्या दिवशी, 'एफ' असेल तर फक्त सुट्टीत, पण खुणांचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिलेला असतो तो वाचाच, लाइनीलाइनीत फरक असतो. शाळेच्या सुट्ट्या राज्याच्या असतात, म्हणून नीडरझाक्सनचं शाळेचं कॅलेंडर फोनमध्ये टाकून ठेवा, मूल नसलं तरी. ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे सकाळची बस अचानक 'गायब' होते ती याच कारणाने.

काही बसना आधी फोन करावा लागतो, त्यांना रुफबुस म्हणतात, स्टॉपवर नुसतं उभं राहून ती येत नाही. किती आधी फोन करायचा ते टाइमटेबलमध्येच लिहिलेलं असतं, आणि फोन कार्यालयीन वेळेतच उचलतात, तेव्हा सोमवारी सकाळची बस हवी असेल तर शुक्रवारीच करा. मुख्य बस लाइन म्हणजे डानेनबेर्ग-ल्युखो, घर घ्यायचं तर या लाइनवर घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. जंगलाकडेचं स्वस्त सुंदर घर फोटोत छान दिसतं पण तिथून रोज आठच्या शिफ्टला कसं पोचणार ते आधी ठरवा.

तिकिटाचं सोपं आहे. डॉइच्लांडटिकेट (देशभराचा महिन्याचा पास) रीजनल गाड्यांना आणि लोकल बसना चालतं, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ युरो महिना. आयसी-आयसीई या लांबच्या जलद गाड्यांना चालत नाही, आणि सायकलचं तिकीट त्यात धरलेलं नाही, ते वेगळं काढा. बरेच मालक जॉबटिकेट म्हणून यात सूट देतात, नोकरीच्या ठिकाणी विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

रस्ते. बी २१६ ल्युनेबुर्गहून डानेनबेर्गला, बी १९१ युल्त्सेनहून डानेनबेर्ग करून ड्योमित्सच्या पुलावर, बी २४८ डानेनबेर्ग-ल्युखो-झाल्त्सवेडेल, बी ४९३ युल्त्सेनहून ल्युखो आणि पुढे गार्टो. हे चार लक्षात ठेवले की बास. गावाबाहेर १०० ची मर्यादा असते पण बी २१६ ग्योर्डेच्या जंगलातून जाते आणि तिन्हीसांजेला हरणं, रानडुकरं रस्त्यावर येतात, तेव्हा १०० चा हट्ट नको. धडक झालीच तर चारही इंडिकेटर लावा, ट्रँगल ठेवा, ११० ला फोन करा, जनावर मेलेलं असलं तरी हात लावू नका आणि गाडीत घालून नेणं तर गुन्हाच आहे. पोलीस किंवा शिकारी जो येईल त्याच्याकडून धडकेचा दाखला घ्या, त्याशिवाय इन्शुरन्स पैसे देत नाही.

पुलाचं सांगितलं, आता फेरी. नॉय दार्खाउला गाडी चढवता येणारी फेरी आहे, तिथे पूल व्हावा की नाही यावरून कित्येक वर्षं वाद चालूय. हित्साकरहून पलीकडच्या बिटरला माणसं आणि सायकलीच नेतात, तीही हंगामात. पूर्वेला पेव्हेस्टोर्फहून लेंत्सेनला आणि श्नाकेनबुर्गहून ल्युटकेनविशला. पाणी फार चढलं तर फेरी बंद, आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तरी बंद, म्हणून निघायच्या आधी फेरीची त्या दिवसाची खबर बघा. फेरीच्या भरवशावर रोजची नोकरी घेऊ नका. आणि एक गंमत, नॉय दार्खाउ आणि हित्साकरच्या समोरचा काठ दुसरं राज्य नाही. तो आम्ट नॉयहाउसचा भाग सरहद्दीच्या काळात पूर्वेला होता, १९९३ मध्ये परत नीडरझाक्सनमध्ये आला, जिल्हा मात्र ल्युनेबुर्गचा. अजून खाली-वर गेलात तर मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न आणि ब्रांडेनबुर्ग, दक्षिणेला झाक्सन-आनहाल्ट.

चार राज्यं एवढ्या जवळ आल्यामुळे सुट्ट्यांची भानगड होते. ६ जानेवारीला झाल्त्सवेडेलला सगळं बंद आणि ल्युखोला सगळं चालू. ८ मार्चला ड्योमित्सला सुट्टी, डानेनबेर्गला नाही. खरेदीला किंवा डॉक्टरकडे पलीकडे जाणार असाल तर त्या राज्याचं कॅलेंडर बघा.

घर बघताना पुराचाही विचार करा. २००२ आणि २००६ ला हित्साकरच्या जुन्या गावात पाणी शिरलं, त्यानंतर पूर-भिंत बांधली, २००८ ला पूर्ण झाली आणि २०१३ च्या मोठ्या पुरात तिने गाव वाचवलं. तरी नदीकाठच्या सखल भागात घर घेताना तळघर कधी भरलंय का आणि इन्शुरन्समध्ये पूर धरलाय का हे विचारा, मालक सहसा खरं सांगतो, लाजू नका.

आणि गावागावात घरांवर, गोठ्यांवर पिवळ्या लाकडी फुल्या दिसतील, त्या कशाच्या हे माहीत असू द्या. १९७७ मध्ये राज्य सरकारने अणुकचऱ्यासाठी गोर्लेबेनचा जमिनीखालचा मिठाचा साठा निवडला, पुन्हा तेच कारण, सरहद्दीजवळचा विरळ भाग, विरोध कोण करणार. विरोध मात्र असा झाला की १९८० मध्ये लोकांनी जंगलात तळ टाकून 'फ्री रिपब्लिक वेंडलांड' जाहीर केलं, नंतर १९९५ ते २०११ कास्टोरचे (अणुकचऱ्याचे भक्कम बंद) डबे रेल्वेने डानेनबेर्गला आणि तिथून ट्रकने गोर्लेबेनला जायचे तेव्हा दरवेळी हजारो लोक रुळावर आणि रस्त्यावर बसायचे, त्यात ट्रॅक्टर घेऊन शेतकरीही. २०२० मध्ये कायमच्या साठ्याच्या यादीतून गोर्लेबेन बाद झालं, तात्पुरत्या गोदामातले ११३ डबे मात्र अजून तिथेच आहेत. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला तर मत देण्याआधी ऐकून घ्या, ज्याच्याशी बोलताय तो स्वतः किंवा त्याची आई तिथे बसलेली असण्याची शक्यता चांगली आहे. या चळवळीतून आलेले कलाकार आणि कारागीर बरेच इथेच राहिले, त्यांचा कुल्टुरेले लांडपार्टी हा उत्सव असेन्शन ते पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या मधल्या दिवसांत, साधारण मे-जूनमध्ये असतो. तेव्हा गावोगावी अंगणं उघडी असतात, रस्ते सायकलींनी भरतात आणि राहायला खोली मिळत नाही, म्हणून घर बदलायचं किंवा पाहुणे बोलवायचे तर ते दिवस टाळा.

बाकी नंबर देशभर तेच: ११२ अँब्युलन्स आणि आगीला, ११० पोलीस, रात्री डॉक्टर हवा पण जीवावरचं नसेल तर ११६११७. हॉस्पिटल डानेनबेर्गला आहे. ११२ ला फोन करताना गावाचं नाव सांगितलं की झाम्टगेमाइंडेचंही सांगा, एकसारखी नावं इकडे भरपूर आहेत, आणि घर गावाबाहेर असेल तर रात्री दिवा लावून कुणालातरी रस्त्यावर उभं करा.